बत्तीस दातांच्या राणीची अंगाई

एक होती राणी. राजा होता की नाही? होता तर! पण गोष्ट राणीची आहे, म्हणून राजाला जरा मागे बसवलंय. मधेमधे येईल तो, लुडबुड करायला. आता पाय आत घ्या, पांघरूण ओढा. शर्वे, त्या बाळ्याला उशी दे बघू. सगळी आपल्याकडेच नको. हं.

तर राणीचं नाव रेवा, राजाचं नाव कीर्तिसेन आणि गावाचं नाव सूरगड. सूरगडात गाण्याचं भारी वेड, बरं का. सुतार रंधा मारायचा तो तालात. कासारीण बांगड्या भरायची ती तालात. न्हावी दाढी करायचा तीसुद्धा तालात, आणि लय वाढली की गिऱ्हाईक डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचं.

गाण्याचा मान इतका मोठा, की राजवाड्याच्या दारात एका दगडावर नियम कोरून ठेवला होता. गाणं चालू असताना जो पेंगेल, त्याने डोक्यावर तंबोरा घ्यायचा, गावातल्या सातही आळ्या हिंडायच्या आणि प्रत्येक वळणावर मोठ्यांदा म्हणायचं, "मी गाण्याचा अपमान केला." फार पूर्वी कुणी एक सरदार बड्या गवयासमोर घोरला होता म्हणे. गवई रुसून निघून गेला आणि वर्षभर गावात कुणाच्या गळ्यातून सूर निघाला नाही. तेव्हापासून हा नियम.

माफी फक्त तान्ह्या बाळांना. त्यांच्यासाठी अंगाई असायची. पण तीही कुठवर? पहिला दात दिसेपर्यंत. हिरडीवर पांढरा ठिपका दिसला की पाळण्याची दोरी सोडायची, पेढे वाटायचे आणि सगळ्यांना सांगायचं, "आमचं बाळ श्रोता झालं हो!" त्या दिवसापासून अंगाई बंद. बाळाने काय भोकाड पसरायचं ते पसरावं.

दर सोमवारी दरबारात पेंगणाऱ्यांचा निवाडा व्हायचा आणि तो रेवाराणी करायची. मोठी कडक बाई! सख्ख्या मामेसासऱ्यांची मान एकदा भैरवीत कलली, तर त्यांच्याही डोक्यावर तिने तंबोरा ठेवला होता. मामंजी बिचारे सात आळ्या फिरून आले आणि चार दिवस मान धरून बसले.

मग एकदा काय झालं, राणीला उदास वाटायला लागलं.

का म्हणून विचाराल. तेच तर कुणाला कळेना. कुणी टाकून बोललं नव्हतं. काही हरवलं नव्हतं. ताप नाही, खोकला नाही. पण सकाळी डोळे उघडले की छातीवर कुणीतरी पाटा ठेवलाय असं तिला वाटायचं. आमटीला चव लागेना. नवं लुगडं आलं तर घडी मोडावीशी वाटेना. लोक हसले की तीही हसायची, पण ते हसू ओठांपाशीच थांबायचं. मोठ्या माणसांना होतं असं कधी कधी. त्यात त्यांची काही चूक नसते, बरं का.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिची झोप उडाली. दिवसभर अंग दमलेलं, पण रात्री पाठ टेकली की डोक्यात विचारांची जत्रा सुरू. परवा असं का बोलले, उद्या तसं कसं होणार, मी कसली राणी, मला काहीच जमत नाही. ह्या कुशीवरून त्या कुशीवर करता करता कोंबडा आरवायचा. आणि झोप नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पाटा आणखी जड.

राजाचा जीव कळवळला. त्याला वाटलं, आवाजाने झोपमोड होत असेल. मग त्याने हुकूम काढला, महालात टाचणी पडल्याचा आवाज नको! दासींनी पैंजण काढून ठेवले. दाराच्या कड्यांना चिंध्या बांधल्या. तळ्यातले बेडूक एकेक पकडून टोपल्यांत भरले आणि बैलगाडीने शेजारच्या गावी पोचवले. शेजारच्या गावाने काय म्हटलं ते मी सांगत नाही, तुम्ही लहान आहात.

महाल अगदी चिडीचूप झाला. आणि राणीला आता आपल्या डोक्यातली जत्रा आणखीच मोठ्याने ऐकू यायला लागली. राजाने प्रेमापोटी घोळ घातला, झालं.

अशा शहाण्णव रात्री गेल्या. सत्त्याण्णवाव्या रात्री राणी खिडकीत येऊन बसली. बघते तर काय, खालच्या आळीतून एक म्हातारी चाललेली. अंगावर घोंगडी, काखेत गाठोडं. एका एका घरापाशी थांबायची, कान द्यायची, भिंत चाचपत आत जायची. ती आत गेली की घरातली कुजबूज थांबायची. मग म्हातारी बाहेर यायची आणि पुढच्या घरी जायची.

राणीने हाक मारली, "अहो आजी, कोण तुम्ही?"

म्हातारीने तोंड वर केलं. "मी होय? मी झोप."

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला कशी ती कधी दिसली नाही. दिसेल कशी? ती येते तेव्हा तुमचे डोळे मिटलेले असतात. जो जागा असतो, त्यालाच झोप दिसते.

राणीला एकदम रडूच फुटलं. म्हणाली, "सगळ्यांच्या घरी जाता, मग माझ्याकडेच का येत नाही? माझ्याकडे सावरीच्या कापसाची गादी आहे. चंदनाचा पलंग आहे."

"गादी घेऊन काय करू, पोरी?" झोप म्हणाली. "रोज येते तुझ्याकडे. पण मला दिसत नाही. माझे डोळे मी केव्हाच वाटून टाकले, थोडे थोडे सगळ्यांच्या पापण्यांत. मी चालते ती कानाने. कुठे नवरा घोरत असतो. कुठे म्हैस रवंथ करत असते. कुठे गळक्या माठातून थेंब पडत असतो. एकसारखा, सावकाश आवाज असला की दोरी धरावी तसा तो धरते आणि आत येते. तुझ्या महालात तर काहीच वाजत नाही. आणि तुझ्या डोक्यात काय गं हा बाजार! जिन्याशी येते, गोंधळते आणि परत जाते."

मग झोप हळूच म्हणाली, "एक सांगते, रागावू नकोस. माझं वय झालंय. शंभर रात्री मी एखादं दार शोधते. शंभराव्या रात्रीही सापडलं नाही, तर ते घर मी विसरून जाते. मग कितीही हाका मारल्या तरी मला वाट आठवत नाही. आजची सत्त्याण्णवावी." असं म्हणून ती कोपऱ्यावर वळली आणि दिसेनाशी झाली.

सकाळी राणीने राजाला सगळं सांगितलं. दुसरा कुणी राजा असता तर म्हणाला असता, तुला भास झाला. पण कीर्तिसेनाचं एवढं बरं होतं, बायको सांगेल ते त्याला खरं वाटायचं. "आवाजाची दोरीच हवी ना?" तो म्हणाला. "अगं, सूरगडात गाण्याला काय तोटा? आज रात्रीच बोलावतो!"

आणि त्याने बोलावलं कुणाला? गर्जनबुवांना. दरबारातले सगळ्यात मोठे गवई. मिशा अशा, की मांजर बघून वाट बदलायचं.

अठ्ठ्याण्णवावी रात्र. गर्जनबुवा राणीच्या महालात बसले, शाल सावरली, तंबोरे जुळवले आणि सुरुवात केली संथ. राणीच्या पापण्या जडावल्या. जिन्यात पावलं वाजली, एक पायरी, दोन पायऱ्या. पण राणीने स्वतःलाच करकचून चिमटा काढला. गाण्यात झोप? शोभतं का? तिने डोळे ताणले आणि म्हणाली, "वाहवा!"

झालं! वाहवा ऐकून बुवांना चेव आला. तान सुटली ती कड्यावर चढलेल्या शेळीसारखी, ह्या दगडावरून त्या दगडावर. झोपेने ती धरायचा प्रयत्न केला आणि बिचारी धाडधाड खाली. बुवा उजाडेपर्यंत गायले. राणी उजाडेपर्यंत वाहवा म्हणत बसली. जाताना बुवा मिशीला पीळ भरून म्हणाले, "राणीसाहेबांनी पापणीसुद्धा लवू दिली नाही. असा श्रोता नाही!"

राणीने त्यांना शाल आणि श्रीफळ दिलं.

नव्व्याण्णवावी रात्र आली. राजा म्हणाला, "परक्यांचं कामच नाही. मीच बासरी वाजवतो." राजा लहानपणी बासरी शिकला होता. साडेतीन दिवस. तो पलंगाशी मांडी घालून बसला आणि गाल फुगवून वाजवायला लागला. बासरीतून मधेच सूर निघे, मधेच नुसती फुंकर, मधेच काय निघे ते मी सांगत नाही. राणी बघत राहिली. राजाचे कान लाल झालेले, भुवया कपाळावर चढलेल्या. आणि काय झालं, राणीला हसू आलं. खरं हसू! तीन महिन्यांत पहिल्यांदा. जिन्यात झोपही हसायला लागली. इतकी हसली, की पायरीवरच बसली. आता हसणाऱ्या झोपेला कुणाला निजवता येतं का? नाही येत. राजा मात्र वाजवता वाजवता स्वतःच लवंडला आणि घोरायला लागला. पण राजाचं घोरणं म्हणजे दर श्वासाला नवं. झोपेला काही ते धरता येईना.

"उद्या शेवटची गं," खालून झोपेचा आवाज आला. राणी खिडकीशी धावली. म्हातारी महालाच्या बागेतून चालली होती. पण आज ती चाचपडत नव्हती. दोरी हातात असल्यासारखी सरळ निघाली होती, माळ्याच्या खोपटाकडे.

राणी अनवाणीच खाली उतरली आणि खोपटाच्या दाराशी उभी राहिली. आत माळ्याचं तान्हं पाळण्यात. बाजूला आवडाबाई बसलेली, पाळणेकरीण. सूरगडात घरोघर जाऊन अंगाई गाणाऱ्या बायका असायच्या. दरबारात त्यांना कुणी विचारायचं नाही. आवडाबाई पाळण्याची दोरी ओढत हळू आवाजात म्हणत होती,

"राख निजली चुलीत गं,
चिमणी निजली वळचणीत गं,
वाट निजली पाणंदीत गं,
कुणी नाही घाईत गं."

पुन्हा तेच. पुन्हा तेच. पहिल्या ओळीला बाळ निजलं. दुसरीला बाळाची आई निजली. आणि तिसरीला धोंडू माळी भिंतीला टेकला, आ वासून गाढ! चांगले बत्तीस दात दिसत होते मेल्याचे. गाणं चालू, आणि दात असलेला माणूस झोपलेला! ढळढळीत गुन्हा. एरवी राणीने त्याला सोमवारी दरबारात उभं केलं असतं. आज मात्र तिला त्याचा राग आला नाही. तिला त्याचा हेवा वाटला. गवतात उभी राहून ती डोळे पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला तिने आवडाबाईला बोलावणं पाठवलं. आवडाबाई लगबगीने आली. पदर खोचला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "राणीसाहेब, बाळ कुठंय?"

राणीने मान खाली घातली. म्हणाली, "मीच."

आवडाबाई चाळीस वर्षं ह्या धंद्यात होती. ती हसली नाही. जवळ येऊन म्हणाली, "आ करा बघू." राणीने आ केला. आवडाबाईने दिवा धरून दात मोजले. "बत्तीस आहेत हो. एकसुद्धा पडलेला नाही. मग मला कसं जमेल? नियम आहे."

राजा मधेच म्हणाला, "पाडायचे का?"

राणीने त्याच्याकडे असं बघितलं, की तो पडद्यामागे जाऊन उभा राहिला.

"आवडाबाई," राणी म्हणाली, "आज शंभरावी रात्र. आज झोप आली नाही, तर ती माझं घर विसरणार. मला कायम असंच जागं राहावं लागेल. आत्ताच मला माझी मी ओळखू येत नाही. आणखी काही दिवसांनी काय उरेल कोण जाणे."

आवडाबाईने तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघितली आणि तिला वाईट वाटलं. म्हणाली, "मी गाते. नियमाचं काय ते तुम्ही बघा. पण माझ्या तीन अटी. पहिली, दिवा मालवायचा. दुसरी, आज लागो न लागो, रोज हीच वेळ आणि रोज हेच गाणं. नवं काही मागायचं नाही. आणि तिसरी, वाहवा म्हणायचं नाही."

राणीने तिन्ही कबूल केल्या. दिवा मालवला. आवडाबाई उशाशी बसली. पाळणा नव्हता, म्हणून तिने पलंगाच्या मच्छरदाणीची दोरी हातात घेतली आणि ती हळूहळू हलवत गायला लागली.

राख निजली चुलीत गं. राणीच्या डोक्यात जत्रा चालूच होती, पण तिच्या आतून गाणं वाट काढायला लागलं. चिमणी निजली वळचणीत गं. जिन्यात पाऊल वाजलं. वाट निजली पाणंदीत गं. दोन पावलं, चार पावलं. राणीची मान कलली, आणि इतक्या वर्षांची सवय, ती दचकून उठली. "वाहवा!"

पावलं थांबली. मागे गेली.

आवडाबाईने पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा पावलं आली, ह्या वेळी उंबऱ्यापर्यंत. पुन्हा राणी दचकली. "वाहवा!" पावलं मागे. तिसऱ्यांदा म्हातारीने पलंगाच्या खुराला हात लावला होता, बरं का, अगदी खुराला! आणि राणी ताडकन उठून बसली. "वाहवा, वाहवा!"

आता मात्र आवडाबाई रागावली. "बाई, माझ्या गाण्याचं वाटोळं करू नका," ती म्हणाली. "चाळीस वर्षांत मला कुणी वाहवा म्हणालेलं नाही. माझ्या गाण्याचा शेवट कुणी ऐकलेला नाही. पाचवी ओळ काय आहे हे मलासुद्धा ठाऊक नाही, तिथवर जायची वेळच आली नाही कधी. तोच माझा मान आहे. तुम्ही जाग्या राहून माझा अपमान करताय."

राणी रडायला लागली. "पण मी झोपले तर गुन्हा होतो गं! मीच लोकांना शिक्षा करते. मामंजींच्या डोक्यावर तंबोरा ठेवलाय मी!"

"मग उद्या घ्या की डोक्यावर तंबोरा," आवडाबाई म्हणाली. "पण झोपून उठल्यावर घ्या. जागरण झालेल्या माणसाला तो पेलायचा नाही."

बाहेर पहाटेचा वारा सुटत होता. रात्र थोडीच उरली होती. मग ती आडवी झाली, हात पोटावर ठेवले आणि म्हणाली, "होऊ दे गुन्हा. गा."

आवडाबाई गायला लागली. राणीने काही धरून ठेवलं नाही. विचार आला, येऊ दिला. गेला, जाऊ दिला. मान कलली, कलू दिली. जिन्यात पावलं आली, उंबऱ्यावर आली, पलंगाशी आली. उशाशी कुणीतरी बसलं. घोंगडीचा उबदार वास आला. आणि सुरकुतलेला एक हात तिच्या पापण्यांवरून फिरला. "सापडलं गं बाई घर," असं काहीतरी राणीला ऐकू आलं. पुढचं ऐकू आलं नाही.

राणी झोपली. सकाळ झाली, झोपलेली. दुपार झाली, झोपलेली. राजा चवड्यांवर चालत दर घटकेला येऊन नाकाशी बोट धरून बघून जायचा. दिवस कलायला राणी उठली आणि म्हणाली, "भूक लागली." राजाला इतका आनंद झाला, की तो स्वतः मुदपाकखान्यात धावला आणि भाताचं पातेलंच उचलून घेऊन आला.

आता उदासी गेली का तिची? नाही गेली. अशी एका रात्रीत जात नसते ती. मोठी चिवट असते. पण पाटा थोडा हलका झाला. आवडाबाई रोज येत राहिली, त्याच वेळी, तेच गाणं घेऊन. कधी झोप लवकर आली, कधी उशिरा, पण यायला लागली. पंधरा दिवसांनी आमटीला चव लागली. महिन्याने राणीने नव्या लुगड्याची घडी मोडली.

पण ह्याच्या आधी, पहिल्याच आठवड्यात, सोमवार आला. दरबार भरला. आणि गर्जनबुवांनी दंडाला धरून कुणाला आणलं? धोंडू माळ्याला. "राणीसाहेब," बुवा गरजले, "हा माणूस अंगाई चालू असताना झोपला! मी खिडकीतून माझ्या डोळ्यांनी बघितलं. तोंडात बत्तीस दात आहेत ह्याच्या!"

सगळे राणीकडे बघायला लागले. राणी उठली. गादीवरून खाली आली. कोपऱ्यातला तंबोरा तिने उचलला आणि धोंडूच्या नाही, स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"धोंडूचा निवाडा मी कसा करू?" ती म्हणाली. "मलाही अंगाईत झोप लागते. रोज लागते. माझेही बत्तीस दात आहेत, आवडाबाईने मोजलेत."

राणी तशीच बाहेर पडली. पहिल्या आळीच्या वळणावर थांबली. तिथे म्हणायचं काय ते तुम्हाला माहीत आहे. पण ते तिच्या तोंडून येईना. तिने मोठ्यांदा म्हटलं, "मला गाण्यात झोप लागली, आणि मला बरं वाटलं!"

कोपऱ्यावर कोतवाल उभा होता, भला थोरला, हातात दंडुका. तो हळूच म्हणाला, "राणीसाहेब, माझी बायको गेल्यापासून मलाही झोप येत नाही." आणि तो मागून चालायला लागला. दुसऱ्या आळीत कासारीण बाहेर आली. म्हणाली, "मला तर का येत नाही तेच कळत नाही." तीही निघाली. तिसऱ्या आळीत शाळेचे पंतोजी. चौथ्या आळीत तर दोन सख्खे भाऊ दोन दारांतून बाहेर आले आणि एकमेकांकडे बघतच राहिले. एकाच घरात राहून रोज रात्री दोघेही जागे, आणि एकमेकांना पत्ता नाही! सातव्या आळीपर्यंत मागे ही गर्दी. सगळी मोठी माणसं, सगळी दातवाली. प्रत्येकाला वाटत होतं, अख्ख्या सूरगडात आपण एकटेच जागे आहोत.

सगळ्यांत मागून गर्जनबुवा येत होते. मिशा जरा उतरलेल्या. राणीने तंबोरा खाली ठेवला आणि विचारलं, "बुवा, एक सांगा. एवढ्या अपरात्री तुम्ही माळ्याच्या खिडकीशी काय करत होता?"

बुवांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग एवढा मोठा गवई, पण आवाज निघाला अगदी बारीक. "मी रात्रभर फिरत असतो," ते म्हणाले. "बारा वर्षं झाली मला नीट झोप नाही. गाऊन घरी गेलं, की घर खायला उठतं. कुणाला सांगणार? लोक म्हणतील, बुवांना काय कमी आहे?"

कुणी हसलं नाही. राणीने त्यांचा हात धरला आणि आपल्या शेजारी उभं केलं. त्याच दिवशी तिने दगडावरच्या नियमाखाली दुसरी ओळ कोरून घेतली. दिवेलागणीपर्यंतचं गाणं जागून ऐकावं. दिवे मालवल्यावरचं गाणं झोपून ऐकावं. दात मोजू नयेत.

त्या रात्री महालाच्या अंगणात सतरंज्या पसरल्या. कोतवाल आडवा झाला, कासारीण आडवी झाली, पंतोजी, दोघे भाऊ, सगळे. गर्जनबुवा मात्र ताठ बसून राहिले, जन्माची सवय. आवडाबाई त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि गायला लागली. पहिल्या ओळीला बुवांनी शाल सैल केली. दुसरीला भिंतीला टेकले. तिसऱ्या ओळीला एवढ्या मोठ्या मिशा श्वासाबरोबर खालीवर व्हायला लागल्या.

सकाळी बुवा उठले तेव्हा ऊन तोंडावर आलं होतं. ते तडक आवडाबाईच्या घरी गेले, आणि ज्या माणसाने उभ्या जन्मात कुणापुढे मान वाकवली नव्हती, त्याने तिच्या पायांना हात लावला. डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "बाई, काल मी तुमचं गाणं ऐकलंच नाही हो."

आवडाबाई म्हणाली, "असंच ऐकत जा."

तेव्हापासून सूरगडात सगळे दिवसा जागून गातात आणि रात्री गाणं ऐकत निजतात, राणीसुद्धा, बुवासुद्धा. ती सुखात आहेत, तुम्हीही सुखात राहा. बाळ्या, कूस बदल. शर्वे, डोळे मीट. म्हातारी जिन्यात आली असेल, तिला वर येऊ द्या.